मागाची उलट बाजू

बायकांच्या साक्षरता वर्गाची पहिली दुपार होती. मशिदीमागच्या खोलीत चौदा बायका घोंगड्यांवर बसल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे पाठ करून फळा पुसत होतो. फळा नवा होता, त्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं. पण चौदा जणींकडे एकदम कसं बघायचं ते मला सुचत नव्हतं.

"सी झायद," मागून आवाज आला, "माझ्याकडे अकरा पत्रं आहेत. ती वाचायला मला किती दिवस लागतील?"

तुदाचा आवाज मी न वळता ओळखला. आमच्याकडे मानानं पुरुषाला 'सी' म्हणतात आणि बाईला 'लल्ला'. वळलो तेव्हा तिच्या मांडीवर साखरेचा सुळका गुंडाळून येतो तसला निळा कागद होता आणि त्यात दोऱ्यानं बांधलेली ती पत्रं.

"अगं, ही तर सी झायदनंच तुला वाचून दाखवलीत," रब्हा म्हणाली. रब्हा गिरणीवाल्याची बायको, तिला गप्प बसणं जमत नसे. "बत्तीस वर्षं झाली. आता काय तुझा बस्सू वर बसून त्यात भर घालतोय?"

बायका हसल्या. तुदाही हसली.

"ऐकली होती मी," ती म्हणाली. "वाचली कुठे होती?"

मी खाकरलो आणि कचेरीतून आलेली पुस्तिका उघडली. "चाळीस धडे आहेत, लल्ला तुदा. आधी सुटी अक्षरं, मग जोडलेली, मग शब्द. विसाव्या धड्याआधी शब्द वाचायचा नाही, असं इथे लिहिलंय. क्रमानंच जायला हवं."

"म्हणजे पुढचा हिवाळा."

"त्याच्या पुढचाही, कदाचित."

हे सांगताना मला बरं वाटत होतं. ते का, हे आताच सांगून टाकतो, नाहीतर माझी हिंमत जाईल.

बस्सू, तुदाचा नवरा, माझ्याच वयाचा. मशिदीच्या शाळेत आम्ही एका फळीवर लिहायला शिकलो. तो डावखुरा होता. फकीहनं, म्हणजे मशिदीतल्या मास्तरानं, छडी मारमारून त्याला उजव्या हातानं लिहायला लावलं; एकदा तर बोटाचा सांधाच मोडला. तेव्हापासून त्याची अक्षरं मागे कलायची, वाऱ्याविरुद्ध चालणाऱ्या माणसासारखी. मी मात्र फकीह सांगेल तसं लिहायचो. मला कधीही मार बसला नाही.

पुढे बस्सू उत्तर फ्रान्सच्या कोळशाच्या खाणीत गेला आणि मी नोंदणी कचेरीत कारकून झालो. तो पत्रं लिहायचा, अक्षरं मशिदीतली आणि बोली आमच्या डोंगरातली. त्याच्या आईच्या अंगणात बसून मी ती वाचून दाखवायचो. दहा पत्रं मी जशीच्या तशी वाचली. अकरावं असं होतं:

'तुदा, छातीत कोळसा बसला आहे. डॉक्टर म्हणतात, आता इथून हलायचं नाही. बायकोला जवळ राहू देतात. कागद याच पाकिटात आहेत. झायदला सांग. तो शिकलेला आहे, तो शिक्के मारून आणील आणि तुला जहाजापर्यंत सोडील. लवकर ये. मला एकट्यानं जायचं नाही.'

मी मिदेल्तच्या बाजारापलीकडे कधी गेलो नव्हतो. टँजियरचं बंदर, शिक्के मारणारे साहेब, परक्या बाईबरोबर चार दिवसांचा प्रवास, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. समोर तुदा बसली होती, वीस वर्षांची, पेल्यात चहा ओतत. मी वाचलं: 'तुदा, मी बरा आहे. पुढच्या वर्षी येईन. आईला सलाम.' पत्र घडी करून तिला दिलं. कागद माझ्या जुब्ब्याच्या खिशात गेले. उद्या सांगू, असं मी ठरवलं होतं. मग परवा ठरवलं. सात महिन्यांनी खाणीकडून तो गेल्याची चिठ्ठी आली. तीही मीच वाचली.

कागद माझ्या पेटीत राहिले. तळाशी, लाल पुठ्ठ्याच्या एका हिशेबशास्त्राच्या पुस्तकात. मी एकटा राहतो. ती पेटी दुसऱ्या कुणी उघडलेली नाही.

तेव्हा चाळीस धडे मला कमीच वाटत होते.

वर्ग सोमवारी आणि गुरुवारी, तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर भरे. मी अक्षर फळ्यावर काढायचो, ओरडायचो (माझं ओरडणं म्हणजे इतरांचं बोलणं) आणि बायका एका सुरात माझ्यामागे म्हणायच्या. रब्हाचा सूर सगळ्यांत मोठा. तिची अक्षरं पुस्तिकेतल्या छापासारखी गोल, एकटी, शहाणी. तुदा ओरडायची नाही. ती बोटांनी मांडीवर काहीतरी मोजत बसायची. आणि पाटीवर लिहायची ते उलटं. सगळं उलटं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे.

"लल्ला तुदा, हे आरशातलं आहे."

"हो का? मला सरळ दिसतं."

मी तिला पुन्हा पहिल्या धड्यावर बसवायचो. पुस्तिकेत तसं लिहिलंच होतं. दोन महिन्यांत मी तिला पाच वेळा पहिल्या धड्यावर बसवलं.

मग जिल्ह्याहून तपासणीस आले, सी बूशता. वयानं माझ्या निम्मे, बोलायला गोड, बुटांवर आमच्या गावचा चिखल. त्यांनी प्रत्येकीची पाटी पाहिली. रब्हाला शाबासकी दिली. तुदाच्या पाटीपाशी थांबले.

"अम्मा, हे असं का?"

"साहेब, मी जन्मभर पाठीकडूनच बघत आले," तुदा म्हणाली. "विणताना मी मागाच्या मागे बसते. सुलटी बाजू पलीकडे असते. बोटांना तीच सवय."

"फळ्याला पलीकडे नसतं ना, अम्मा."

रब्हा फिसकन हसली. सी बूशता माझ्याकडे वळले. "तुमचं काय मत, मास्तर? थोडी वाट बघू या का? तुम्ही म्हणाल तसं."

तेव्हा मी तिच्या बाजूनं बोलू शकलो असतो. तुदा मूर्ख नव्हती. ती गावातली सगळी मेंढरं तोंडावरून ओळखायची. पण मी म्हणालो, "क्रम चुकला की पुढचं सगळं चुकत जातं, साहेब."

त्यांनी हजेरीपटात तिच्या नावावर रेघ मारली. सावकाश मारली, पट्टी ठेवून. तुदानं निळा कागद उचलला, सगळ्यांना सलाम केला आणि गेली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "मग मी माझ्या पद्धतीनं शिकेन. तुम्ही रागावू नका, सी झायद."

त्या दिवशी घरी जाताना मला फार हलकं वाटलं. त्याची लाज अजून आहे.

तिची पाटी मात्र वर्गातच राहिली होती. दोन आठवडे मी तिच्याकडे बघत राहिलो. मग एका सकाळी ती परत द्यायला निघालो. बर्फ वितळून रस्ताभर पाणी झालं होतं. तुदाच्या अंगणाचं दार उघडं होतं, आतून काहीच आवाज नव्हता, म्हणून मी सरळ आत गेलो.

तिथे माग उभा राहत होता. जमिनीत खुंट्या ठोकल्या होत्या आणि रब्हा व आणखी एक शेजारीण लोकरीचा गुंडा घेऊन एका खुंटीकडून दुसरीकडे चालत होत्या. तुदा मध्ये बसून धागे मोजत होती. मला पाहून तिघीही जागच्या जागी थांबल्या.

आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं, ताणा ओढताना पुरुषानं त्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. त्या घटकेला मागात जीव येतो. चुकून कुणी आलाच, तर त्यानं काहीतरी ठेवायचं, मूठभर जव, एखादं बटण, काहीही, आणि मग निघायचं. रिकाम्या हातानं गेला तर तो त्या धाग्यांत धरला जातो. गालिचा कापून उतरवीपर्यंत सुटत नाही.

मी खिशात हात घातला. खडूचा तुकडा होता. खडू ठेवणं मला हास्यास्पद वाटलं. पाटी ठेवावी, तर ती तिचीच. मी काहीतरी पुटपुटलो, पाटी दाराशी टेकवली आणि पळालो. खरंच पळालो, साठीचा माणूस.

"गेला रिकामाच," मागून रब्हा ओरडली. "आता कापेपर्यंत तुम्ही ह्यातच हो, सी झायद. जिवाला जपा."

मी असल्या गोष्टी मानत नाही, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. कचेरीत तीस वर्षं माणसांचे जन्म आणि मृत्यू लिहिल्यावर मानू नयेत. पण त्या दिवसापासून चालताना बरगडीखाली एक बारीक ताण जाणवायचा. तुदाच्या घराच्या उलट दिशेला निघालो की वाढायचा, तिच्या गल्लीकडे वळलो की सैल व्हायचा. म्हातारपण असेल. दुसऱ्या गुरुवारी, वर्ग सुटल्यावर, मी तिच्या अंगणात गेलो.

माग भिंतीशी उभा होता. तुदा त्याच्या मागे. मला फक्त तिची बोटं दिसत होती. उभ्या धाग्यांमधून बाहेर यायची, आडवा धागा पकडायची आणि परत आत जायची. मग लोखंडी फणीचा ठोका. पुन्हा बोटं.

"बसा की समोर," ती आतून म्हणाली. "सुलटी बाजू तुमच्याकडेच आहे. ओळ सरळ येतेय का तेवढं सांगा. मला इथून दोऱ्यांची टोकंच दिसतात."

मी बसलो. पांढऱ्या लोकरीवर अक्रोडाच्या सालीनं रंगवलेली काळी लोकर होती. गालिच्याच्या तळाशी, वीतभर उंचीत, मागे कललेली अक्षरं होती. बस्सूची. ते ओळखायला वाचावंही लागत नव्हतं. मोडक्या सांध्यानं ओढलेलं शेपूट प्रत्येक ओळीच्या टोकाला होतं.

"हे काय, लल्ला तुदा?"

"पहिलं पत्र. धागे मोजून उतरवतेय. विणत जाते तसं म्हणतही जाते. तुम्ही वाचलेलं सगळं पाठ आहे मला." तिनं फणी ठोकली. "'तुदा, इथे बर्फसुद्धा काळं पडतं.' मग पहिला आकार माझं नाव असणार ना? अकराच्या अकरा पत्रं त्याच आकारानं सुरू होतात. पुढचा 'इथे'. तो पुन्हा चौथ्या ओळीत आहे, आणि तुम्ही चौथ्या ओळीतही 'इथे' म्हणाला होतात. मेंढरं ओळखता येतात, तर हे काय अवघड?"

चाळीस धड्यांची माझी भिंत होती आणि ती तिला वळसा घालून गेली होती. आणि मग पुढचं लक्षात आलं. दहा पत्रांचे शब्द तिच्या कानात खरे होते. दहा पत्रांतून ती प्रत्येक आकार ओळखायला शिकणार. मग अकरावं येणार.

"ओळ सरळ आहे," मी म्हणालो.

वसंतभर, उन्हाळाभर मी गुरुवारी जात राहिलो. ती समोर ताकाचा पेला आणि जवाची भाकरी ठेवायची आणि मागे जाऊन बसायची. आम्ही फार बोलत नव्हतो. गालिचा खालून वर चढत होता, पहिल्या पत्राची पहिली ओळ सगळ्यांत तळाला, त्यावर दुसरी, तिसरी. उलट्या क्रमानं रचलेलं ते पान माझ्या गुडघ्यापर्यंत आलं, मग छातीपर्यंत. काळ्या लोकरीला बोट लावलं की बोटाच्या पेरावर भुकटी यायची. अक्रोडाचा रंग असा सुटत नाही. घरी येऊन मी हात धुवायचो, पाणी काळं व्हायचं.

जून महिन्यात एकदा वर्गाआधीच, भर दुपारी, मी तिथे बसलो होतो. ऊन इतकं होतं की अंगणातल्या कोंबड्याही भिंतीला चिकटल्या होत्या. मागाच्या मागून खोकला आला. खोल, लांबलेला, तळातून काहीतरी ओढून काढल्यासारखा. धागे थरथरले.

"पाणी प्या, लल्ला तुदा," मी म्हणालो. "बरं वाटत नाही का?"

उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं अंगणाचं दार वाजलं आणि तुदा आत आली, दोन्ही हातांत झऱ्यावरून भरून आणलेले डबे.

"कधी आलात, सी झायद? झऱ्यावर रांग होती."

मी मागाकडे बघितलं. मेंढ्याही खोकतात, गोठा भिंतीपलीकडेच होता. आणि मला एका कानानं कमी ऐकू येतं. पण त्या दिवसानंतर मी समोर बसताना मागाकडे पाठ कधी केली नाही.

सप्टेंबरात अकरावं पत्र सुरू झालं. दोन ओळी झाल्या होत्या. त्या गुरुवारी फणी थांबली, बोटं धाग्यांमध्येच राहिली.

"हे बसत नाहीये," ती म्हणाली.

"काय बसत नाही?"

"तुम्ही म्हणाला होतात, 'मी बरा आहे'. 'बरा' मला येतो. सहा पत्रांत आहे तो. इथे नाहीये."

"दमल्यावर हात बदलतो, लल्ला तुदा. खाणीत काम करणारा माणूस."

"असेल." बोटं हलली नाहीत. "आणखी एक आहे. बाकीची पत्रं तुम्ही वाचायचात, तेव्हा माझे चहाचे दोन पेले थंड व्हायचे. ह्याला एकही झाला नव्हता. आणि ओळी तर ह्याच्याच जास्त आहेत. तेव्हा मला वाटलं होतं, माणूस आनंदात असला की थोडक्यात लिहितो."

मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मागाआड तिचा चेहरा दिसत नव्हता, तिला माझा दिसत नव्हता. सांगायला याहून सोपी जागा कुठली? मी म्हणालो, "नंतरच्या ओळींत येईल."

"येईल," ती म्हणाली आणि फणी ठोकली.

पुढचे दोन गुरुवार मी गेलो नाही. ताण बरगडीखालून गळ्याशी आला. भाकरीचा घास उतरेना. वर्गात अक्षर ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. रब्हानं माझ्या जागी उभं राहून एकविसावा धडा घेतला, आणि माझ्यापेक्षा चांगला घेतला. तिसऱ्या आठवड्यात तीच निरोप घेऊन आली.

"तुदा उद्या गालिचा कापतेय. तुम्हाला बोलावलंय. मी म्हटलं, कापताना पुरुष कशाला गं? तर म्हणते, तो आधीच ह्यात आहे." ती मला खालीवर निरखत होती. "सी झायद, तुम्ही त्या दिवशी एखादं बटण ठेवून गेला असतात तर काय बिघडलं असतं?"

त्या संध्याकाळी मी पेटी उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तुदा, रब्हा आणि ती शेजारीण होत्या. पाण्याचं भांडं होतं, सुरी होती. गालिचा वरच्या दांड्याला भिडला होता. तुदा नेहमीसारखी मागे जाऊन बसली.

"वाचा, सी झायद," ती आतून म्हणाली. "जीव आहे तोवर वाचा. एकदा कापला की मग ते नुसतं कापड."

"कुठून वाचू?"

"अकरावं."

मी उभा राहिलो. ते माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होतं. 'तुदा,' मी वाचलं, 'छातीत कोळसा बसला आहे.' माझा आवाज कारकुनाचा होता, नोंदीचा. 'डॉक्टर म्हणतात, आता इथून हलायचं नाही.' तेव्हा मला ऐकू आलं की ती पण म्हणते आहे. माझ्याबरोबर नाही, माझ्या एक शब्द पुढे. मी 'बायकोला' म्हणालो तेव्हा ती 'जवळ' म्हणत होती. मी 'जवळ' वर पोचलो तेव्हा ती 'राहू देतात'. तिच्याकडे सगळं उलटं होतं आणि दोऱ्यांच्या टोकांनी झाकलेलं, तरी मी तिच्या मागे फरफटत होतो, वर्गातल्या बायका माझ्यामागे म्हणायच्या तसा. माझं नाव आधी तिनं उच्चारलं. 'मला एकट्यानं जायचं नाही' हेही आधी तिनंच.

पत्र तिथे संपतं. बत्तीस वर्षं ते मला पाठ आहे. पण गालिच्यावर आणखी एक ओळ होती, दांड्याच्या अगदी खाली, त्याच मागे कललेल्या हातानं. मी ती वाचली नाही. मनातल्या मनात वाचली, तोंडानं नाही.

"थांबलात?" तुदा म्हणाली, आणि तिनं ती वाचली, हळू, एकेका शब्दावर बोट ठेवल्यासारखी.

"'झायद समोर उभा आहे. कागद लाल पुस्तकात होते, आता त्याच्या जुब्ब्यात आहेत.'"

ती ओळ विणायला दोन दिवस तरी लागले असतील. पेटी मी आदल्या संध्याकाळी उघडली होती.

तिला कसं कळलं, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं आहे. पत्रात कागदांचा उल्लेख होताच. ते माझ्याकडे असणार, आणि मी ते उद्या आणणार, हे हुशार बाईला कळू शकतं. लाल पुस्तक तिनं कधी खिडकीतून पाहिलं असेल. असेल. मी नाही म्हणत नाही.

मी खिशात हात घातला आणि कागद काढले. पिवळे पडले होते, घडीवर फाटले होते. मागाच्या पायाशी, जिथे त्या दिवशी मूठभर जव ठेवायचे होते, तिथे ठेवले. तुदाचा हात धाग्यांखालून बाहेर आला, कागदांवरून एकदा फिरला.

"किती दिवस लागले असते, सी झायद? जहाजापर्यंत?"

"चार."

"चार," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "चारच."

मग ती उठून पुढे आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, वाईट नजरेनंही नाही. भांड्यातून ओंजळभर पाणी घेऊन गालिच्यावर शिंपडलं, माणूस जाताना त्याच्या तोंडात घालतात तसं. तिघींनी कलमा म्हटला. बस्सू गेला तेव्हा त्याच्या कानाशी तो कुणी म्हटला होता की नाही, मला ठाऊक नाही. तुदानं सुरी धरली आणि वरचे धागे कापत गेली, उजवीकडून डावीकडे. प्रत्येक धागा तुटताना माझ्या बरगडीखाली एक एक टाका उसवत होता. शेवटच्या धाग्याला मी खाली बसलो.

रब्हानं गालिचा जमिनीवर पसरला, कडा ओढून सारखा केला आणि कौतुकानं बघत राहिली.

"छान नक्षी आहे गं," ती म्हणाली. "फण्या, डोळे, विंचू. पण इतकी काळी कशाला?"

"तुला काय दिसतं, रब्हा?" मी विचारलं. "वाच ना."

"वाचू काय? नक्षी काय वाचायची?" ती हसली. त्या वर्षीच्या परीक्षेत ती पहिली आली होती. पुढच्या वसंतात सी बूशता आले तेव्हा मी त्यांनाही गालिचा दाखवला. त्यांनी वाकून पाहिला, विणकर बाईचं नाव विचारलं आणि पारंपरिक नक्षी म्हणून फोटो काढला. अक्षरांविषयी काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पुढे मी वर्ग सोडला; रब्हा चालवते.

गालिचा माझ्याकडे आहे. कापल्यानंतर चौथ्या दिवशी तुदा तो खेचरावर टाकून स्वतः घेऊन आली. चार दिवस तिनं मुद्दाम मोजले असावेत. मी नको म्हणालो.

"तुमचाच आहे," ती म्हणाली. "मला आता लागत नाही. पत्रं आहेत माझ्याकडे, ती मी वाचते." दारातून वळताना तिनं मला शेवटचं म्हटलं, "अंथरा. गुंडाळून पेटीत घालू नका."

तुदा आता नाही. गेल्या वर्षी, हिवाळ्याच्या तोंडाशी गेली. मी अजून आहे.

मी तो अंथरला, पण पालथा. सुलटी बाजू जमिनीकडे, म्हणजे ती ओळ डोळ्यांसमोर यायला नको. पाठीला दोऱ्यांची टोकं लोंबतात, केसाळ मेंढरासारखी, तिथे काही दिसायला नको होतं. पहिलं वर्ष दिसलंही नाही. दुपारी त्यावर बसून मी वाचायचो आणि हात आपोआप ती टोकं बाजूला सारायचा. मग एकदा बोटांखाली मागे कललेलं शेपूट लागलं. आता मी उलट्या बाजूनं, खालून वर, सगळी अकरा पत्रं बोटांनी वाचतो, डोळे मिटून, चुका न करता. त्यानंतरची ओळही. ती दर वेळी तीच नसते.

हे वाचायला मला कुणी शिकवलं नाही. बोटं धुतली की पाणी अजूनही काळं होतं.